व्यायामाच्या खोलीची जमीन

घरच्या घरी व्यायाम करण्याचा बेत एकदा पक्का झाला म्हणजे मनुष्य प्रथम साधनांच्या मागे लागतो; डंबेल किती वजनाचे घ्यावेत, ट्रेडमिल कोणत्या भिंतीशी लावावी, आरसा कोठे बसवावा, याचा घरात पुष्कळ खल होतो, त्यासाठी पैशाची तरतूद होते, आणि या सर्व साधनांचा व त्यांवर मेहनत करणाऱ्या देहाचा भार जिच्यावर पडावयाचा त्या जमिनीची दखल मात्र पहिली टाईल तडकेपर्यंत, किंवा खालच्या मजल्यावरून पहिली तक्रार येईपर्यंत, कोणी घेत नाही. हा क्रम उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. व्यायामाच्या जागेवर जो खर्च करावयाचा त्यातील पहिला हिस्सा जमिनीचा असावा. आणि तो करताना ‘जितके मऊ तितके चांगले’ या रूढ समजुतीवर विसंबून न राहता, आपल्या जमिनीवर नेमका कोणत्या जातीचा आघात होणार आहे याचा विचार आधी करावा.

शेणाने सारवलेली मातीची जमीन ज्या घरांतून होती तेथे हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आज शहरातील सदनिकेत पायाखाली असते ती विट्रिफाइड टाईल, तिच्याखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर, आणि त्याखाली चार-सहा इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब. जुन्या इमारतींतून टाईलच्या जागी शहाबादी किंवा कोटा फरशी आढळेल, कोठे मोझेक आढळेल. परंतु यांतील एकही थर आघाताखाली डोळ्यांना दिसेल इतका दबत नाही, आणि हा न दबण्याचा गुण, जो घर टिकाऊ करतो, तोच व्यायामाला प्रतिकूल ठरतो.

तो का, हे समजण्यास शाळेत शिकलेले गणित पुरेसे आहे. पडणारी वस्तू जितक्या उंचीवरून आली त्या उंचीला, ती थांबताना जितके अंतर घेते त्या अंतराने भागावे. येणारा भागाकार हा, स्थूल मानाने, वस्तूच्या वजनाच्या किती पट सरासरी बल जमिनीवर व वस्तूवर पडले याचा आकडा होय. वीस किलोचा डंबेल गुडघ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटरवरून, हातातून सुटला आणि कठीण जमिनीवर दोन मिलिमीटरांत थांबला असे धरू. पाचशे भागिले दोन म्हणजे अडीचशे; वीस किलोच्या अडीचशे पट म्हणजे पाच हजार किलोंचा भार, क्षणभर का होईना, टाईलच्या रुपयाएवढ्या जागेवर येतो. तोच डंबेल थांबताना दहा मिलिमीटर अंतर घेईल अशी व्यवस्था केली तर हा भार एक हजार किलोंवर उतरतो. आघात शोषणाऱ्या आच्छादनाचे सारे रहस्य या थांबण्याच्या अंतरात आहे. मात्र दहा मिलिमीटर दबण्यासाठी आच्छादन दहा मिलिमीटर जाड असून भागत नाही, कारण कोणतेही रबर वा फोम स्वतःच्या संपूर्ण जाडीइतके दबत नाही. दबण्याची मर्यादा संपली की मॅट तळाला लागते, आणि तेथून पुढचा आघात जणू मॅट नाहीच अशा रीतीने थेट स्लॅबला पोहोचतो. पातळ आणि अतिशय मऊ मॅट जड वजनाखाली निरुपयोगी ठरते ती यामुळेच.

मनुष्याच्या देहाची गोष्ट थोडी वेगळी आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट बल पायावर येते. तथापि घोटा, गुडघा व खुबा हे सांधे वाकतात, पोटऱ्यांचे व मांड्यांचे स्नायू ताणले जातात, आणि थांबण्याचे बरेचसे अंतर देह स्वतःच निर्माण करतो. शिवाय भार हा हाडांचा शत्रू नाही. हाडे बळकट राहण्यास भार पडावाच लागतो. म्हणून जमिनीने आघात पूर्णपणे गिळून टाकावा ही अपेक्षाच चुकीची आहे. खेळांच्या बंदिस्त मैदानांच्या जमिनीविषयी युरोपात जे मानक प्रचलित आहे त्याने ही गोष्ट आकड्यांत बांधली आहे: काँक्रीटशी तुलना करता जमिनीने किमान 25 टक्के आघात शोषला पाहिजे, परंतु 75 टक्क्यांहून अधिक शोषता कामा नये. खालची मर्यादा सर्वांना पटते. वरची मर्यादा कशासाठी, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. अतिशय मऊ पृष्ठभागावर टाच आत किंवा बाहेर कलते, घोट्याला क्षणोक्षणी तोल सावरावा लागतो, उडी मारणाऱ्याचे बल गादीतच जिरते, आणि दिशा बदलताना पाय रुतून मुरगळतो. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला मुद्दाम जाड फोमवर उभे करतात ते तोल सांभाळणे कठीण व्हावे म्हणूनच. जे उपचारात हेतुपूर्वक कठीण केले जाते तेच सत्तरीतल्या वडिलांच्या रोजच्या व्यायामासाठी, मायेपोटी का होईना, त्यांच्या पायाखाली अंथरणे हिताचे नाही. वृद्धांना पातळ, घट्ट, न घसरणारी आणि कडांना पाय न अडखळणारी मॅट हवी.

आपल्याकडील तालमींत हे ज्ञान अनुभवाने आलेले होते. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी या तालमींची कीर्ती त्यांतील मल्लांमुळे झाली. पण त्या मल्लांना पेलणाऱ्या मातीची निगा हाही तेथील शिरस्त्याचा भाग होता. कुस्तीपूर्वी हौद उकरावयाचा असतो. पोरसवदा पैलवान खोरे घेऊन, पाठ वाकवून, दबून बसलेली लाल माती तळापासून वर काढतात, ढेकळे फोडतात, दगडाचा कण सापडला तर वेचून बाहेर टाकतात, आणि मग ती सारखी करतात. त्या मातीत वेळोवेळी ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेले असते. त्याने ती ओलसर व भुसभुशीत राहते, धुरळा उडत नाही, आणि तरीही मुठीत धरली तर तिचा गोळा होतो. पाठीवर आदळणाऱ्या मल्लाला जपण्याइतकी ती सैल असते व पवित्रा घेणाऱ्याच्या पायाला आधार देण्याइतकी घट्ट असते. उकरणे थांबले की हीच माती दगडासारखी होते. आघात शोषण्याचा गुण कोणत्याही जमिनीत कायमचा भरून ठेवता येत नाही, हे हौद उकरणाऱ्या पोराला ठाऊक असते. फोमची मॅट घेणाऱ्या गृहस्थाला मात्र ट्रेडमिलच्या पायांखाली कायमचे खळगे पडल्यावर ते कळते.

पृष्ठभाग बदलला म्हणजे व्यायामच बदलतो, याचे उदाहरण खाशाबा जाधवांच्या चरित्रात आहे. मातीत घडलेला हा मल्ल 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरला तेव्हा तो पृष्ठभाग त्यांच्या सवयीचा नव्हता, आणि त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. कबड्डीही आपल्या डोळ्यांदेखत मातीवरून मॅटवर आली, आणि अनवाणी खेळणाऱ्यांना बूट घालावे लागले. घरातील व्यायामालाही हाच न्याय लागू पडतो: जाड तळव्याचे बूट घालून जाड मॅटवर उभे राहणे म्हणजे दोन गाद्या एकावर एक रचणे होय, आणि बैठका काढणाऱ्याने ते अवश्य टाळावे.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. सर्वांत अधिक खपते ती ईव्हीए फोमची, दातेरी कडा एकमेकींत अडकवून बसवावयाची रंगीत चौकोनी लादी. ती हलकी असते, स्वस्त असते, आणि तिचा दर्जा पारखणे अवघड नाही. अंगठ्याने जोराने दाबावी. अंगठा उचलताच खळगा भरून आला तर माल बरा, तो रेंगाळला तर फोम हलका आहे. याहूनही विश्वसनीय कसोटी तराजूची. वीस मिलिमीटर जाडीच्या चांगल्या लादीचे वजन चौरस मीटरला साधारण दोन किलो भरावे. एक किलोच्या आसपास भरले तर विकत घेतली जाते ती बव्हंशी हवाच. जोर, पोटाचे व्यायाम, लहान मुलांच्या कोलांट्या, हलके एरोबिक्स यांना ही लादी उत्तम. पण तिच्यावर जड वजन ठेवू नये आणि वजन घेऊन बैठका काढू नयेत, कारण एक पाय दुसऱ्याहून अधिक रुतला की कण्यावरील भार तिरपा होतो. उन्हाच्या कवडशात ती आकसते व कडांच्या फटी उघडतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी जात रबराची. जुन्या टायरांचा भरडा करून तो पॉलियुरेथेनच्या बंधकाने चिकटवून लाद्या व गुंडाळ्या बनवितात. काळ्या पृष्ठभागावर निळे-करडे ठिपके दिसतात ते ईपीडीएम नावाच्या रंगीत रबराचे कण. या जातीत दहा मिलिमीटर जाडीच्या चौरस मीटरचे वजन नऊ-दहा किलो असते, म्हणजे फोमच्या कितीतरी पट. पायाखाली ती घट्ट लागते, म्हणून पुष्कळांना प्रथमदर्शनी ती आघात शोषत असेल असे वाटत नाही. परंतु वजन पडण्याच्या प्रसंगी हीच घनता कामी येते, कारण ती लवकर तळाला लागत नाही. हिची परीक्षा नखाने करावी: कड नखाने खरवडल्यावर कण सुटून हाताशी आले तर बंधकात काटकसर झालेली आहे, आणि पुढे रोज केर काढताना काळी पूड निघत राहील. नव्या रबराला वास असतो व बंद खोलीत तो उन्हाळ्यात वाढतो. खोलीत आणण्यापूर्वी लाद्या काही दिवस हवेशीर सावलीत उभ्या करून ठेवाव्यात.

आणि एक वस्तू अशी आहे की जिची शिफारस व्यायामसाहित्याचा दुकानदार करणार नाही, पण मी करीन: गोठ्यात गाई-म्हशींखाली अंथरतात ती रबरी मॅट, जिला दुधाच्या धंद्यातील लोक काऊ मॅट म्हणतात. चारशे-पाचशे किलोंचे जनावर तिच्यावर दिवसभर उठते-बसते, खूर घासते, आणि तरी ती वर्षानुवर्षे टिकते. साधारण पाऊण इंच जाडीचे हे घट्ट रबर वजने उचलणाऱ्याला अगदी सोयीचे असून त्याच जाडीच्या, व्यायामशाळेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लादीपेक्षा त्याला दामही सहसा कमी पडतो. उणिवा दोन: वास उग्र असतो, आणि मॅट इतकी जड असते की ती जिन्यावरून वर नेण्यास दोन माणसे लागतात.

सूर्यनमस्कार व आसने यांच्यासाठी यांतील कशाचीच जरूरी नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला त्यांत आघात असा नसतोच. तळहात व पावले घट्ट रोवली गेली पाहिजेत, एवढेच तेथे पाहावयाचे. चार ते सहा मिलिमीटरांची न घसरणारी मॅट त्याला पुरते. अंगाला तेल चोळून व्यायाम करणाऱ्यांनी मात्र फोम किंवा रबर यांपासून दूर राहावे. तेलाने पृष्ठभाग निसरडा होतो, आणि खनिज तेलाने रबर फुगते. मॅट पुसण्यास सौम्य साबणाचे पाणी पुरे; रॉकेल किंवा टर्पेंटाइन कदापि वापरू नये.

ज्यांना बार खांद्यावर घ्यावयाचा आहे, जमिनीवरून उचलून परत जमिनीवर ठेवावयाचा आहे, त्यांनी संपूर्ण खोली आच्छादण्याचा मोह सोडून एक चौथरा करावा, असा माझा सल्ला आहे. आठ बाय चार फुटांचे अठरा मिलिमीटर जाडीचे प्लायवुडचे दोन तक्ते शेजारी-शेजारी मांडावेत, त्यांवर आणखी दोन आडवे टाकून स्क्रूने जखडावेत, आणि सर्वांत वर मधोमध पाय ठेवण्यासाठी एक तक्ता व दोन्ही बाजूंस, जेथे बारच्या चकत्या टेकतात तेथे, तितक्याच जाडीचे रबर दोन-दोन फूट रुंदीने बसवावे. आठ फुटांचा हा चौरस दहा बाय बाराच्या खोलीत सामावतो. पायाखाली न दबणारे लाकूड व वजनाखाली दबणारे रबर अशी ही कामाची वाटणी आहे, आणि एकच वस्तू दोन्ही कामे तितक्या चांगल्या रीतीने करीत नाही. तळमजल्यावर ओल येत असेल तर साध्या कमर्शिअल प्लायऐवजी आयएस 710 चिन्हाचे पाण्यास टिकणारे प्लायवुड घ्यावे, आणि वाळवीचा बंदोबस्त आधी करावा.

हा चौथरा आणखी एक काम करतो: तो भार पसरवितो. निवासी खोल्यांसाठी आपल्या मानकाने धरलेला वापराचा भार चौरस मीटरला दोनशे किलो आहे. रबराचे वजन या हिशेबात नगण्य होय. चिंता असते ती रॅकच्या चार चिमुकल्या पायांवर एकवटणाऱ्या भाराची व आदळणाऱ्या वजनाची. म्हणून रॅक लावण्यापूर्वी लाकडाच्या तुकड्याने किंवा नाण्याने खोलीतील प्रत्येक टाईल ठोकून पाहावी. जी भरीव वाजते तिच्याखाली मसाला पूर्ण बसलेला आहे. जी पोकळ वाजते ती मध्येच अधांतरी आहे व कितीही चांगल्या मॅटखाली एक दिवस तडकेल. तुळईजवळची बाजू स्लॅबच्या मध्यापेक्षा बळकट असते, म्हणून जड साधने भिंतीलगत घ्यावीत. बाहेर काढलेल्या गॅलरीत जड वजने ठेवू नयेत. लाकडी तुळयांच्या जुन्या वाड्यात किंवा चाळीत वजने आदळण्याचा विचारच करू नये. गच्चीवरही हीच खबरदारी हवी, कारण तेथे आघात प्रथम बसतो तो जलरोधक कोब्याला. त्यात पडलेली बारीक चीर उन्हाळ्यात दिसत नाही आणि जुलैत छत गळू लागते.

शेजाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ पुष्कळांना उमगत नाही. व्यायामाच्या खोलीतील गाणी किंवा बोलणे हवेतून जाते व दार लावले की बरेचसे थांबते. परंतु उडीचा धप्प असा नाद स्लॅबमधून, तुळईतून, भिंतीतून कंपरूपाने उतरतो, आणि दारे-खिडक्या लावून त्याला अटकाव होत नाही. आठ-दहा मिलिमीटरांचे रबर या नादातील तीक्ष्ण, खणखणीत भाग कमी करते. जो खोल, मंद धक्का खालच्या घरात झोपलेल्या मुलाला दचकवितो तो मात्र तसाच राहतो. त्यासाठी थरांची रचना लागते: खाली मऊ, लवचिक थर, त्यावर प्लायवुडचा जड व ताठ थर, आणि वर घट्ट रबर, आणि ही सारी रचना भिंतीला कोठेही न टेकता मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर कंप कडेने निसटतात. एवढे करूनही पहाटे पाच वाजता दोरीवरच्या उड्या मारणे हा खालच्या कुटुंबावर अन्यायच आहे. तेथे जमिनीपेक्षा वेळ बदलणे योग्य.

पावसाळ्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण मुंबई, कोकण व गोवा येथे निम्म्याहून अधिक मॅटांचा नाश व्यायामाने होण्याऐवजी ओलीने होतो असे माझे निरीक्षण आहे. जूनपासून फरशीला घाम सुटतो. मॅटखाली तो वाळत नाही, बुरशी धरते, कुबट वास येऊ लागतो. सैल मांडलेली लादी महिन्यातून एकदा उभी करून, खालची फरशी पुसून, पंख्याखाली वाळविता येते. चिकटविलेली येत नाही. घरात गोंदाने रबर चिकटविण्यास माझा ठाम विरोध आहे. भाड्याच्या घरात तर तो गोंद अनामत रकमेवरच बेततो. फिक्या संगमरवरावर व व्हिनाइलच्या जमिनीवर काळे रबर थेट ठेवल्यास पिवळट-तपकिरी डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत, यास्तव मध्ये एखादा अलगीकरणाचा थर घालण्याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी.

वाचकांना शेवटी एक विनंती आहे. संपूर्ण खोलीची मागणी नोंदविण्यापूर्वी दुकानातून मनपसंत जातीची एकच लादी आणावी; नमुना म्हणून मागितल्यास ती देण्यास दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. ती आपल्या खोलीत, आपण जेथे व्यायाम करणार त्याच ठिकाणी, अंथरावी. तिच्यावर अनवाणी एका पायावर उभे राहून पाहावे, दहा बैठका काढाव्यात, आपण वापरतो ते वजन नेहमीप्रमाणे खाली ठेवून पाहावे. आणि त्या वेळी घरातील एखाद्या माणसाला खालच्या शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या खोलीत उभे करावे. वर काय वाटते आणि खाली काय ऐकू येते, या दोन्ही गोष्टी कळल्यावाचून पैसे देऊ नयेत.